भाऊजींचा फिरायला जायचा रस्ता

३ डिसेंबर, मुकुटबन

आजही जिनिंगचा कारखाना बंद. भाव नाही म्हणून कापूस लोकांच्या घरात, सरकारी खरेदीचा काटा अजून लागलेला नाही, आणि जिनिंगचा हेडफिटर माझ्या स्वयंपाकघरात. लग्न झाल्यापासून डिसेंबरात हा माणूस मी दिवसाउजेडी पाहिलाच नव्हता. आता दिवसभर पाहते आहे. सकाळपासून तेलाची कुपी घेऊन फिरतात. दाराच्या बिजागऱ्या झाल्या, शिलाई मशीन झाली, देव्हाऱ्याचं दार झालं. दुपारी मिक्सर उघडून बसले. चांगला चालणारा मिक्सर! म्हटलं, मलाही घाला एक थेंब, गुडघा वाजतो. तर "कोन्ता?" म्हणून खरंच विचारलं.

बसस्टँडसमोरच्या खोलीचा विषय पुन्हा काढला. मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. माझं म्हणणं साधं. तिथं खानावळ टाकायची. एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर, शाळेतले मास्तर, झरीला कामाला जाणारे, सगळे चहा-बिस्किटावर दिवस काढतात. मी रांधते ते लोक आवडीनं खातात, पण विकण्याजोगं आहे का ते मला माहीत नाही. आणि जिनिंगचं काही खरं नाही हे यांना माहीत आहे, फक्त बोलत नाहीत.

हे म्हणाले, "ताईले विचारू."

झालं. ताई म्हणजे यांची मोठी बहीण, यवतमाळला असतात. सासूबाई लवकर गेल्या, ताईंनीच यांना वाढवलं. त्यामुळे हे चष्म्याची फ्रेमसुद्धा ताईंना विचारून घेतात.

५ डिसें.

ठरलं. यवतमाळला जायचं, आठवडाभर राहायचं. यांच्यासाठी ताईंचा सल्ला. माझ्यासाठी हॉटेलं. रोज एक तरी नवी जागा बघायची, खायचं, लोक कशाला पैसे देतात ते समजून घ्यायचं. लग्नानंतर आम्ही दोघं कुठं हिंडायला म्हणून गेलोच नाही. वणीचा दवाखाना धरत नाही.

७ डिसें., यवतमाळ

वणीला गाडी बदलली. वाटेत काही खाल्लं नाही, पोट यवतमाळसाठी राखून ठेवलं. मोठी चूक.

ताईंचं घर लोहाऱ्याच्या बाजूला. दारात पाय ठेवला तर ताटं मांडलेली. दोडक्याची भाजी, वरण, भात, पोळी. पहिला घास घेतला आणि वाटलं, प्रवासात माझी जीभ गेली. मग यांच्याकडं पाहिलं, त्यांचीही गेलेली.

भाऊजींना (ताईंचे मिस्टर, कचेरीतून रिटायर) मागं छातीत दुखलं होतं. डॉक्टर म्हणाले, तेल-तिखट-मीठ कमी करा. ताईंनी 'कमी' ऐकलंच नाही. बंद केलं. मीठ तेवढं नावाला. आणि स्वतःही तेच खातात, इतकी वर्षं. "त्याईच्यासमोर मी झनझनीत खाऊ? माह्या गळ्याखाली उतरन का?" पाहुण्यांनाही तेच, कारण वेगळं रांधलं तर भाऊजींचं मन जाईल.

भाऊजी मात्र शांत. घासागणिक "छान झाली हो" म्हणत होते. अगदी साधुपुरुष. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

यांचं सगळं आयुष्य जिनिंगच्या धडधडीत गेल्यामुळे यांचं कुजबुजणं शेजारच्या घरी ऐकू जातं. माझ्या कानात म्हणाले, "मीठ माग ना!" ताई मोरीतून म्हणाल्या, "हाये ना त्यात, बंडू."

८ डिसें.

खानावळीचं आज काढणार होते. त्याआधी ताईंनीच सांगून टाकलं, "माह्या घरी असतांना बाहेर चहा जरी पेले, तर पाह्यजा. लोकं म्हनतीन का बहिनीनं जेवाले नाई घातलं." त्यांच्या मते हॉटेलात जेवतो तो एक तर प्रवासी, नाहीतर ज्याच्या घरात बाई नाही तो. तिसरा प्रकार त्यांना मंजूर नाही.

शाल बघून येतो म्हणून निघालो. दत्त चौकाजवळ समोसा. कवच छान, आतलं सारण कोरडं. माझं बरं असतं. पण चिंचेची चटणी समोर ढवळत होते, त्या वासानंच माणसं थांबत होती. हे शिकण्यासारखं. म्हणजे आधी वास विकायचा.

हे मला हळूच म्हणाले, "ताईले सांगू नको!" सगळं हॉटेल वळलं. एक बाई माझ्याकडं अशी पाहत होती जसं काही मी यांना पळवून आणलं आहे.

घरी आलो तर ताट तयार. भोपळा. ताई पंख्यासारख्या डोक्यावर उभ्या. दोन समोशांवर दोन पोळ्या आणि भोपळा. शाल कुठं आहे ते कोणी विचारलं नाही, देवाची कृपा.

९ डिसें.

काय झालं ते नीट लिहिते, पुढं कधी वाचलं तर विश्वास बसायला हवा.

सकाळी देवळात जातो म्हणून निघालो. भाऊजी त्याआधीच फिरायला गेलेले. डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज जातात, पावसातसुद्धा, ताई कौतुकानं सांगतात. आम्ही विचारत विचारत एका गल्लीत पोचलो. तिथं तर्री-पोह्याची गाडी आहे म्हणे, सुदामभाऊची. गर्दी होती. पातेल्यावर लाल तवंग, त्यात हरभरे, वाफ डोळ्यांत जात होती. प्लेट घेतली. पोहे मोकळे, वर तर्री, वर कांदा. पहिल्या चमच्याला डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते फक्त तिखटाचं नव्हतं. दोन दिवसांनी जीभ परत आली होती.

तेवढ्यात पुढून आवाज, "सुदाम, तर्री टाक ना बापा अजून. रंग पाहाले देतं का खाले?"

माकडटोपी. कॅनव्हासचे बूट. हातात काठी, दुसऱ्या हातात प्लेट. भाऊजी.

त्यांनीही आम्हाला पाहिलं. घास तोंडात होता, तो त्यांनी शांतपणे संपवला. मग म्हणाले, "तुम्ही देवळात गेलते ना?"

मी म्हटलं, "तुम्ही फिराले गेलते ना?"

सुदामभाऊनं विचारलं, "साहेबाचे पाहुने का?" आणि न विचारता तिघांच्या प्लेटीत पुन्हा तर्री ओतली. त्या तर्रीवर आमचा करार झाला. लेखी नाही, पण पक्का.

साधुपुरुष!

परत येताना विचारलं, किती दिवस चाललंय हे? तर म्हणाले, "दवाखान्यातून आल्यावर महिनाभर पथ्य केलं. मंग फिराले लागलो." आणि छाती? "छाती चांगली हाये ना. फिरून राह्यलो रोज."

घरी दुधी. भाऊजी म्हणाले, "छान झाली हो." मी ताटात बघत बसले, हसू आवरेना. हे उठून अंगणात गेले.

१० डिसें.

आज भाऊजींनी आम्हाला पूर्ण रस्ता दाखवला. ताईंना सांगितलं, "यायले जरा शहर दाखवतो." माणूस किती आनंदात होता! इतकी वर्षं एकट्यानं खाल्लेलं कोणाला तरी दाखवायला मिळालं. त्यांचा नियम असा की तिखटानं सुरुवात, गोडानं शेवट, आणि मधे चालत राहायचं. चालून पचवलं की ते खाल्ल्यात मोजत नाहीत.

सुदामभाऊची तर्री झाली. त्यानं भाऊजींसाठी बाकाचा कोपरा राखलेला असतो, त्यावर दुसऱ्याला बसू देत नाही.

मग आलूबोंडा. दोन भाऊ चालवतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. एक तळतो, एक चटणी देतो. निरोप गिऱ्हाइकांनी पोचवायचे. तळणारा मला म्हणाला, "त्याले सांगा, कागदाचे पुडे संपले." मी सांगितलं. चटणीवाला म्हणाला, "त्याले सांगा, मले दिसते." यांनी तो निरोप एवढ्या जोरात पोचवला की दोघंही चिडले. बोंडा मात्र असा की मी दुसरा मागितला. बेसनात ओवा चोळून घालतात. लक्षात ठेवायचं.

चहाच्या टपरीवर साखर किती ते मालक तोंड बघून ठरवतो. मला बिनसाखरेचा दिला. अपमान म्हणून लिहून ठेवते.

आणि मग ती खानावळ. कोर्टाच्या मागच्या अंगाला, एका खोलीत, दोन बाकं. पाटवडी-रस्सा, वांग्याची भाजी, भाकर, कांदा. चालवणारी बाई माझ्याच वयाची. जेवणारे सगळे वकील आणि कारकून, आणि ही कमरेला पदर खोचून त्यांना ओरडते. एकाला म्हणाली, "वांगं बाजूले काहून सारलं? वकील झाला पन वांगं कळत नाई तुले." वकिलानं मुकाट्यानं वांगं खाल्लं. मी बघतच राहिले. घरी मी वाढते तेव्हा हात जोडून वाढते. घ्या ना, अजून एक घ्या ना. ही घ्या म्हणतच नाही, लोकच मागतात.

निघताना धीर करून विचारलं, "बाई, पैसे मागाची लाज नाई वाटत?"

"पयले वाटे. मंग भाडं भराचं आलं."

रस्सा माझ्यापेक्षा चांगला आहे. खोटं कशाला लिहू. पाटवडी माझी चांगली.

शेवटी जिलेबी आणि मठ्ठा. भाऊजी म्हणाले मठ्ठा औषधी असतो. परत येताना भाऊजी आणि हे, दोघंही दर दहा पावलांना थांबून एखादं झाड बघत होते. दोघांनाही झाडातलं काही कळत नाही.

घरी चवळीची भाजी. ताई म्हणाल्या, "काहून कमी खाता तुम्ही? शरम करू नका." एक पोळी जास्त वाढली. ती मी कशी खाल्ली ते माझं मला माहीत.

११ डिसें.

भाऊजी आडवे. आम्हीही निम्मे आडवे.

ताईंनी पेज केली सगळ्यांना. भाऊजींच्या उशाशी बसून त्यांचे पाय दाबत होत्या. मला हळूच म्हणाल्या, "माह्यीच चूक झाली व कुसुम. परवाच्या दुधीत जिरं जास्त पडलं माह्या हातानं."

जिरं.

भिंतीकडं तोंड करून भाऊजी झोपल्याचं नाटक करत होते. कान लाल झालेले मी पाहिले.

दुपारी ताई एकट्या होत्या, विषय काढला. खोली, भाडं, एस.टी.चे लोक, सगळं सांगितलं. त्यांनी तांदूळ निवडता निवडता ऐकलं. मग म्हणाल्या, "अन्नाचे पैसे घेशीन? आपल्या घरची लक्ष्मी रस्त्यावर भाजी विकन?" मी म्हटलं, रस्त्यावर नाही, खोलीत. म्हणाल्या, "दार उघडं ठेवलं का रस्ताच. आन हॉटेलातलं खाऊन मानूस बिघडते. आता हेच पाह्य, घरचं खातेत म्हनून टिकले."

आतून भाऊजी म्हणाले, "बरोबर हाये."

उठून जाऊन त्यांच्या अंगावर पेज ओतावी असं वाटलं. नुसतं वाटलं नाही, वाटी हातात होती.

१२ डिसें.

भाऊजी अजून घरातच. ताई फिरायला जाऊ देत नाहीत.

हे म्हणाले, ताई नाही म्हणाली म्हणजे विषय संपला. मी म्हटलं, तर्रीवर ताव मारताना ताईला विचारलं होतं का? हळू आवाजात भांडावं लागलं. म्हणजे मी हळू, हे नेहमीच्या आवाजात. त्यामुळे माझं कोणाला कळलं नाही आणि यांचं सगळ्या आळीला कळलं. ताईंनी जेवताना विचारलं, "तर्री काय म्हनत होता रे बंडू?" हे म्हणाले, "तर्री? शेजारचे बोलत असन."

आईच्या मायेनं वाढवणाऱ्या बहिणीशी खोटं बोलले आणि दिवसभर तोंड लपवत फिरले. मला राग आला होता तरी कीवही आली.

१३ डिसें.

सकाळी दार वाजलं. ताईंनी उघडलं. बाहेर सुदामभाऊ, हातात स्टीलचा डबा, अंगात धुतलेला शर्ट. मी पाहिलं आणि पदराआड तोंड लपवायला गेले, तोवर त्यानं मलाच नमस्कार केला.

"साहेब बरे हायेत ना? तीन दिवस झाले आले नाईत. असं कधी होत नाई. मले रातभर झोप नाई. मंग त्याईच्या कचेरीत घर विचारलं."

ताई म्हणाल्या, "कुठी आले नाईत?"

"गाडीवर. पोहे खाले."

मी पळून जायच्या बेतात होते. हे खांबासारखे उभे. आत भाऊजींच्या अंगावरचं पांघरूण वर वर सरकत डोक्यापर्यंत गेलं.

सुदामभाऊला काही कळलं नव्हतं. तो बिचारा सांगत राहिला. साहेबांचा कोपरा रिकामा दिसला की धंद्यात लक्ष लागत नाही. साहेबांनीच सांगितलं होतं की खोबरं भाजून घाल, तेव्हापासून तर्री चालली. साहेब घरचं फार कौतुक करतात, म्हणतात आमच्या घरी अन्नपूर्णा आहे. डबा पुढं केला. "तिखट कमी टाकलं जी. बिमार मानूस हाये म्हनून."

ताईंनी डबा हातात घेतला. मग काय म्हणाल्या असतील? "बसा भौ. जेवून जा."

मी विसरलेच होते. दारात आलेला माणूस न जेवता त्या घरातून गेलेला नाही, तो कोण आहे याचा त्यात संबंध नाही. पाट मांडला. ताट वाढलं. गिलक्याची भाजी. यवतमाळात ज्याच्या तर्रीसाठी लोक रांग लावतात तो माणूस ताईंच्या घरी बसून गिलक्याची भाजी खाऊ लागला. पहिल्या घासाला थांबला. माझ्याकडं पाहिलं, मी नजर वळवली. ताई समोर उभ्या.

"कशी झाली?"

"छान झाली जी," सुदामभाऊ म्हणाला.

मला वाटतं ताईंना तिथं कळलं. भाऊजींचे तेच शब्द, तोच सूर. त्यांनी त्याला अजून वाढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला अजून घ्या म्हणाल्या नाहीत.

तो गेल्यावर ताई डबा घेऊन ओट्याशी बसल्या. वाटीत तर्री घेतली, पोळी बुडवली आणि खाल्ली. नाक वाहायला लागलं. डोळे वाहायला लागले. खातच राहिल्या. डबा संपला तेव्हा बोटानं कड पुसून घेतली. मग तिथूनच म्हणाल्या, पांघरुणाकडं बघून नाही, चुलीकडं बघून:

"खाल्लं त्याचं काई नाई. एकट्यानं खाल्लं. मले बी आवडे ना तिखट."

पांघरूण हललं नाही. मला रडू आलं. हे बाहेर जाऊन उभे राहिले.

१४ डिसें., मुकुटबन

परत आलो. काल संध्याकाळी ताईंनी चूल पेटवली नाही. भाऊजी आम्हा सगळ्यांची माफी मागत होते, ताई सोडून. यांनाही म्हणाले, "माफ करजो बंडू." हे म्हणाले, "मले काहून? मी बी तुमच्यासंगं खाल्लं!" ते वाक्य पार नाक्यापर्यंत गेलं असेल.

खोलीबद्दल कोणी काही बोललं नाही. ताईंना आता हॉटेल हा शब्द सांगायची कोणाची छाती आहे!

१८ डिसें.

जिनिंगचा मालक अर्ध्या मशिनी विकतो म्हणतात. हे जाऊन आले. आज कशालाच तेल घातलं नाही. उन्हात बसून होते. मी शेजारी जाऊन बसले. पहिल्यांदा वाटलं की यांनी ओरडून बोलावं.

तर्री करून पाहिली. खोबरं भाजून. यांनी खाल्ली आणि म्हणाले, चांगली झाली. ह्या 'चांगली'चं मी काय करू? खोलीवाला दोनदा विचारून गेला. त्याला म्हटलं, थांबा. त्यानं विचारलं, कोणासाठी थांबू?

२१ डिसें.

सकाळीच भाऊजींचा फोन.

"तिकडं आली का वो?"

कोण? म्हणे पहाटे पिशवी भरली आणि बसस्टँडवर गेली. कुठं ते सांगितलं नाही. आठ दिवस घरात चूल नाही. भाऊजी तिन्ही वेळा बाहेर जेवतात. मी म्हटलं, मग मजा आहे. तर आवाज एवढासा झाला. "नाई वो कुसुम. रोज खाऊन पाह्य म्हनजे कळन. काल सुदामले म्हटलं तर्री नको, नुसते पोहे दे."

दुपारच्या गाडीनं ताई आल्या. एकट्या. यांनी पिशवी घ्यायला हात पुढं केला, तर दिली नाही. मी म्हटलं, ताई, हात-पाय धुवा, वाढते. त्या घराकडं वळल्याच नाहीत.

"घरी नाई. ते खोली कोन्ती, ते दाखव. तिथं वाढ."

खोलीवाल्याकडून किल्ली आणली. झाडलं. शेजारच्या पानठेल्यावरून एक बाक मागून आणला. घरून डबे आणले. भाकर, वांग्याची भाजी, पातळ पिठलं, ठेचा. सगळं माझ्या नेहमीच्या तिखटाचं. वाढताना भाकर मोडली. ताई बाकावर पाय खाली सोडून बसल्या, गिऱ्हाईक बसतं तशा. मी 'अजून घ्या' म्हणायला तोंड उघडलं आणि ती कोर्टामागची बाई आठवली. मिटलं.

जेवल्या. सावकाश, सगळं. हे दारात उभे. दोन कंडक्टर बाहेरून डोकावून गेले, त्यांनी विचारलं, चालू झालं का?

ताई म्हणाल्या, "वांग्यात मीठ कमी हाये."

इतकी वर्षं अळणी खाल्लेली बाई! मला हसावं का रडावं कळेना. पण खरंच कमी होतं. घाईत राहिलं होतं.

"ठेचा चांगला. भाकर जाड. पिठलं मात्र..." म्हणत वाटी पुढं केली. मी वाढलं. स्वतःहून मागितलेलं.

मग पिशवीतून नोट काढली आणि ताटाखाली सरकवली.

मी मागं सरले. "ताई, असं काय करता! तुम्ही या घरच्या लेक. माहेरवाशिणीचे पैसे घेतले तर नरकातही जागा मिळणार नाही मला."

"फुकट खानारा खोटं बोलते," ताई म्हणाल्या. "मले इतके वर्स रोज छान छान म्हनलं, आन मी तेच करत राह्यली. कोनी एकानं म्हटलं असतं का बाई, गळ्याखाली उतरत नाई, तर मी काई मेली नसती. म्या पैसे देल्ले, खरं सांगतलं. घ्याचे तर घे. नाईतर चूल पेटवजो फक्त आपल्या घरची."

हात धुतले आणि घरी येऊन निजल्या. यवतमाळला कधी जाणार ते विचारायची माझी हिंमत नाही. भाऊजींना फोन केला, पोचल्या म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, जेवली का? मी म्हटलं, हो. म्हणाले, काय म्हणाली? मी म्हटलं, मीठ कमी आहे म्हणाल्या. त्यांनी हळूच फोन ठेवला.

यांना विचारलं, काय करू? हे म्हणाले, ताईनं तुला विचारलंय, मला नाही.

नणदेचे पैसे आजवर आमच्या घरात कोणी घेतले नाहीत. माझ्या आईनं ऐकलं तर बोलायची नाही माझ्याशी. घेतले नाहीत तर खोली गेली, आणि ताईंचं खरं बोलणंही फुकट गेलं.

ताट तिथंच आहे, खाली नोट तशीच. खरकटं ताट असं ठेवू नये हे मला कळतं. खोलीला कडी लावून आले. सकाळी झाडायला जाईन तेव्हा ते उचलावंच लागेल.